पाठीमागची ऊब

बसा. चहा गार होऊ देऊ नका. माझी गोष्ट काही फार लांबलचक नाही.

फैजपूरबाहेर केळी पिकवायच्या बंद खोल्या आहेत, तिथं मी वीस वर्षं काम केलं. मागच्या नोव्हेंबरात मालकानं मला एक कॅमेरा आणायला जळगावला पाठवलं. साधा कॅमेरा नव्हे तो. त्यात वस्तू दिसत नाही, वस्तूची ऊब दिसते. गार ते निळं, गरम ते लाल. पिकायला लागलेलं केळं आतून तापतं, आणि दहा टन मालात एखादं क्रेट आधी तापलं की आजूबाजूचा माल गेलाच म्हणून समजा. असं क्रेट हुडकायला हा कॅमेरा. थैलीत घालून एसटीनं घेऊन आलो, वाटेत भरीत-पुरी खाल्ली. काम एवढंच होतं.

आमच्याकडे ललित नावाचा इलेक्ट्रिशियन होता. धुळ्याकडचा, तिशीतला. हातानं हुशार, पण डोकं सदा आभाळात. मोबाईलवर त्याचं एकच चालायचं : नेपच्यूनच्या पलीकडे एक काळा ग्रह लपलाय, तो इकडे निघालाय, आणि ज्यांनी पाहिलाय ते तोंड उघडत नाहीत. कॅमेरा हातात घेतल्यावर त्यानं तो आधी स्वतःच्या तळहातावर धरला. मग म्हणाला, अवकाशात ती मोठी दुर्बीण सोडलीय ना, तीही अशीच आहे. सूर्याकडे छत्री धरून अंधारात बघत बसलेली.

"तिले उजेड नको, अन्वरभाऊ. तिले ऊब दिखस. लपेल जे शे ते सगळं, बठ्ठं दिखस."

मला चेष्टेची खोड, आणि असलं आयतं गिऱ्हाईक. पहिल्याच दिवशी खोलीत कॅमेरा लावला तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक लाल डाग दिसला. तापलेलं क्रेट, दुसरं काय! मी म्हटलं, बघ, तुझा ग्रह उगवला. तो हसला नाही. मग मी त्या खेळाला लागलो. प्रत्येक नव्या मालात एक तापलेलं क्रेट मी गुपचूप दाराकडे आणखी दोन हात पुढं ठेवायचो. ग्रह येतोय, येतोय, असं म्हणायचो.

तुम्ही ती खोली पाहिलेली नाही. भरदिवसा आत पाऊल टाकलं तरी काळोख. पंख्यांची घरघर, कच्च्या सालीचा तुरट वास, आणि अंगावर चढत जाणारा गारवा. मी पुढं क्रेट तपासत असायचो आणि ललित दारात उभा राहून कॅमेऱ्याच्या पडद्याचे मोबाईलवर फोटो घ्यायचा. एकदा हळूच म्हणाला, "भाऊ, भायेर या…" मला वाटलं, काय मस्त घाबरलाय. घरी जैनबला सांगून हसलो. ती हसली नाही. म्हणाली, कुणाच्या भीतीशी खेळू नये. बायकोचं तेवढं एक ऐकलं असतं तर आज तुमच्यासमोर हे सांगत बसलो नसतो.

डिसेंबरात एका शनिवारी ललितनं माझा हात धरला. त्यानं म्हणे हिशेब मांडला होता. सोमवारी ते येऊन पोचणार होतं.

"सोमवारे सुट्टी ल्या, भाऊ… खोलीना मधमा जाऊ नका."

मी म्हटलं, जग बुडायचंच असेल तर निदान पगार तरी घेऊन बुडू.

सोमवारी तो कामावर दिसला नाही. मला सुटल्यासारखं झालं. माल लागला, बाहेर ट्रकवाला घाई करत होता. दार लावण्याआधी आत तीन हाका मारायच्या, कोणी आहे का, असा आमचा नेम. त्या दिवशी मी एकही हाक मारली नाही. आतून दार उघडायची मूठ महिनाभर मोडलेली होती, तीही मीच पुढच्या महिन्यावर ढकलली होती. दार लावलं, पिकवायचा गॅस सोडला. गॅस सोडला की चोवीस तास दार उघडायचं नाही.

चारच्या सुमाराला आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. मग काहीच नाही. मग पुन्हा तीनदा. मी दाराला कान लावला. पंख्याचं पातं सैल झालं असेल, असं मनाला सांगितलं. पण माझा हात कडीवर गेला होता. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय. हात कडीवर होता, आणि मी तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ललित दाराशी बसलेला सापडला. मांडीवर कॅमेरा, मुठीत मोबाईल. आत ना रेंज, ना श्वासापुरती हवा. अंग बर्फासारखं.

पंधरा दिवस मला घास गेला नाही. शेवटी धुळ्याला गेलो, त्याच्या बायकोकडे, सुलक्षणावहिनींकडे. त्यांनी ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या. एकीवर मी बसलो. त्या मात्र उंबऱ्यातच टेकल्या. मी सगळं ओकलो : क्रेट, चेष्टा, न मारलेल्या हाका, ती ठकठक. वाटलं होतं, थोबाडीत मारतील. त्या म्हणाल्या :

"क्रेट तुम्हीन सरकाडतस, हाई त्यास्ले पहिलेपासून माहीत व्हतं, भाऊ."

मग त्यांनी ललितचा मोबाईल माझ्यापुढं धरला. पोलिसांनी तो परत केला होता. फोटोंत माझं क्रेट होतं, दाराकडे सरकत आलेलं. मधोमध पाठमोरा मी, लालभडक. आणि माझ्या मागं, जिथं क्रेट नाही, माणूस नाही, तिथं आणखी एक डाग. माणसाएवढा उभा. पहिल्या फोटोत लांब कोपऱ्यात. पुढच्यात जवळ. शेवटून दुसऱ्या फोटोत माझ्या पाठीला टेकायला हातभरच राहिलेला.

वहिनी सांगत होत्या. तुम्हाला त्यानं किती तरी वेळा सांगून पाहिलं, तुम्ही हसत राहिलात. म्हणून सोमवारी तो लवकर जाऊन क्रेटांमागं लपून बसला. ते आलं तर त्यानं तुमच्या आधी आपल्याला गाठावं, म्हणून. शेवटचा फोटो चारचा होता. दार बंद झाल्यावर आतून काढलेला. सगळी खोली निळी. डाग कुठंच नव्हता.

"पोरना बाप भायेर येवासाठे ठोकत नव्हतात, भाऊ…" वहिनी म्हणाल्या. "ते भायेर गये, तुम्हनाकडे… हाई सांगासाठे ठोकत व्हतात."

मला रडूही आलं नाही. एक भला माणूस माझ्यासाठी मेला होता, आणि तेही फुकटच मेला होता. इतक्यात त्यांची चार वर्षांची हेमांगी आतून आली. धुळ्याची डिसेंबरातली सकाळ, पोरीचे ओठ थंडीनं फुटलेले. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चढली. मी आल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "हाई खुर्ची गरम शे."

ऊठ म्हणायचं सोडून मी माझी खुर्ची मागं सरकवली. ते मीच तिच्या दारापर्यंत आणलं होतं. पोरीनं पाय वर घेतले, डोळे मिटले आणि डोकं मागं टेकवलं. खुर्चीची पाठ तिच्या डोक्यापासून वीतभर लांब होती.