चपला शांत होत नव्हती

वायुदाब-कक्षाच्या जाड काचेपलीकडे रोलरवर उभी असलेली मोटारसायकल विनाकारण गुरगुरत होती. तिच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर कुणाचाही हात नव्हता. अशा वेळी इंजिनाची विश्रांत-गती मिनिटाला चौदाशे फेऱ्यांची असायला हवी होती. काटा अडीच हजारांवर स्थिर होता.

"केबल ताणलेली असेल," डॉ. विश्राम कारखानीस म्हणाले.

"नाही, सर. झडप पूर्ण मिटतेय." शाल्मली गवाणकरने हात पुसले. "आतल्या नळीला कुठे चीर नाही, त्यामुळे चोरवाटेने हवा जात नाही. तापमानाचा संवेदकही नीट आहे. इंजिन तापलंय हे नियंत्रकाला बरोबर कळतं. सगळे सुटे भाग निर्दोष आहेत आणि तरी गाडी रेस घेते."

'चपला' ही कोल्हापूरजवळच्या त्यांच्या कारखान्याची सर्वांत खपाची गाडी. सिग्नलला ती शांत होत नाही, पेट्रोल जास्त पिते, अशा तक्रारी काही महिन्यांपासून सगळीकडून येत होत्या. सरांनी हे काम मुद्दाम शाल्मलीकडे दिलं होतं. चपलाच्या इंजिन-नियंत्रकाची शिकण्याची पद्धत तिनेच त्यांच्या हाताखाली रचली होती. पीएचडीपासून ती त्यांच्याबरोबर होती.

आणि हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ कौस्तुभ आंबोली घाटात गाडीवरून पडून गेला, तेव्हा कारखान्यातर्फे चौकशी सरांनीच केली होती. निष्कर्ष सांगायलाही ते स्वतः सावंतवाडीला तिच्या वडिलांकडे गेले होते. वळणावर अतिवेग. ती चपला शाल्मलीनेच त्याला घेऊन दिली होती. ती मनातल्या मनात अजून त्याच्याशी भांडत असे. वडिलांनी तर मुलाचा फोटोही भिंतीवर लावू दिला नव्हता. हजारदा बजावूनही त्याने ऐकलं नाही, एवढंच ते म्हणत.

"भाग निर्दोष असतील, तर दोष शिकण्यात आहे," सर म्हणाले. "कारण नंतर शोधू. आधी विश्रांत-गतीबद्दलचं शिकलेलं सगळं पुसणारी आज्ञा तयार कर."

"पण गाड्या हे कशासाठी शिकल्यात हे कळल्याशिवाय पुसायचं?"

"प्रयोगशाळेपुरतं गं. बाहेर कशाला पाठवतोय?"

तिने ती विस्मरण-आज्ञा दुपारपर्यंत लिहिली आणि त्यांच्याकडे दिली. मग ती पुन्हा काचेसमोर येऊन बसली. तिला चैन पडत नव्हतं.

चपलाची सगळी करामत समूहशिक्षणात होती. एका गाडीला जे कळलं ते सगळ्या गाड्यांना कळवायचं. कुठली गाडी, कोण चालक, हे नियंत्रक कळवत नसे. तो फक्त धडा पाठवी, आणि तो कुठल्या परिस्थितीत मिळाला तेवढं सोबत जोडी: हवेचा दाब, गारवा, उतार, वेग. साध्या धड्याला वजन कमी. इंजिन बंद पडून गाडी आडवी झाली, तर मात्र त्या एकाच धड्याचं वजन इतर सगळ्यांहून जास्त. तसा धडा मिळाला की इंजिन पुन्हा बंद पडू नये म्हणून सगळ्या गाड्या सगळीकडेच गती चढती ठेवत, आणि तशा परिस्थितीत सर्वांत जास्त. माणूस पडू नये म्हणून हा नियम शाल्मलीनेच घातला होता.

म्हणजे कुठल्या परिस्थितीत ही गाडी सर्वांत जास्त रेस घेते ते सापडलं, की धडा कुठे मिळाला तेही सापडणार होतं.

तिने कक्षातली हवा विरळ करायला सुरुवात केली. काटा वर सरकू लागला. एका दाबाला तो सर्वांत वर गेला आणि हवा आणखी विरळ केल्यावर उतरू लागला. तिने तो दाब कायम ठेवला आणि कक्ष गार केला. काटा चढला. दमटपणा वाढवला, मंच पुढे झुकवून उतार दिला. पुन्हा चढला. राहिला वेग. तिने रोलर जोरात फिरवले, तर काटा खाली आला. म्हणून तिने ते हळू केले, आणखी हळू केले. चालकाने सायकलच्या वेगाने उतरावं इतके हळू केल्यावर इंजिन अक्षरशः ओरडू लागलं.

हा दाब कुठल्या उंचीवरचा, ते तिने पडद्यावर पाहिलं. सह्याद्रीच्या माथ्यावर त्या उंचीची ठिकाणं पुष्कळ होती. पण उतार, थंडी, धुकं आणि आडवी पडलेली चपला, हे सगळं एकत्र तिला एकाच ठिकाणचं माहीत होतं.

तिने गाडीचा नियंत्रक काढून पेटीतला कोरा नियंत्रक बसवला. तो काहीच शिकलेला नव्हता. इंजिन गोड आवाजात चौदाशेवर चालू लागलं. मग तिने तीच परिस्थिती दिली आणि वळणाआधी वेग कमी करायला कुणीही करील तशी मूठ एकदम सोडून दिली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. गिअरमध्ये असलेलं मागचं चाक जखडून रोलरवर फरफटलं.

तिने रोलर थांबवले.

सर आत आले. पडद्यावरचे आकडे त्यांनी वाचले. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," शाल्मली म्हणाली.

ते समोरच्या खुर्चीवर बसले. "त्याच्या गाडीचा नियंत्रक मी उघडला होता. गार, दमट हवेत उतारावर हळू चालताना मूठ सोडली की इंधनाचं गणित चुकतं. इतकं सगळं एकत्र जुळून येणं लाखांत एखाद्या वेळी. ते जाहीर केलं असतं तर प्रत्येक चपला परत बोलवावी लागली असती. कारखाना उरला नसता, शाल्मली. तुझं कामही उरलं नसतं."

"तो हळू चालला होता."

"हो."

"आणि माझ्या वडिलांना तुम्ही सांगितलंत, की..."

"मी त्याच्या गाडीतलं सगळं नष्ट केलं होतं. पडता पडता ती बाकीच्यांना सांगून गेली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तक्रारी यायला लागल्या तेव्हा उमगलं."

"म्हणून काम मला दिलंत. पुसायचं कसं ते मलाच येतं म्हणून."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातून तिला पुढचं समजलं.

"पाठवलीत? माझी आज्ञा बाहेर पाठवलीत?"

"तासाभरापूर्वी. सगळ्या गाड्यांना पोचली आहे."

खिडकीबाहेर पाळी सुटत होती. फाटकाशी चपला गाड्यांची रांग लागली होती. त्या इतक्या शांतपणे चालत होत्या की माणसांच्या गप्पा वरपर्यंत ऐकू येत होत्या. आता घाट उतरणाऱ्या कुठल्याही चपलाला कौस्तुभच्या गाडीने काय सांगितलं होतं ते आठवणार नव्हतं.

"आज्ञा मागे घ्या."

"विसरलेलं परत आणता येत नाही. ही रचना तुझीच आहे. दोष आम्ही पुढच्या वर्षीच्या गाडीत गुपचूप दुरुस्त करतोय. तोवर फारतर..." ते थांबले.

"फारतर किती जण, सर?"

शाल्मली उठली आणि कक्षाचं दार उघडून आत गेली. आतली थंडी अंगाला झोंबली. कोरा नियंत्रक अजून गाडीतच होता. त्याचा समूहाशी संपर्क बंद होता, तो तिने सुरू केला. दार लावून घेतलं, दाब पुन्हा जुळवला, धुकं दाटू दिलं, इंजिन सुरू करून रोलर फिरू दिले. विसरलेलं परत येत नाही हे खरं होतं. नव्याने शिकायला मात्र कुणाची मनाई नव्हती.

तिचा हात मुठीवर गेला तेव्हा सरांना कळलं. ते काचेवर थापा मारू लागले. "शाल्मली! तुला कल्पना आहे का तू काय करते आहेस?"

तिने मूठ पिळून एकदम सोडली. इंजिन खोकून बंद पडलं. मग गाडी बांधून ठेवणारे पट्टे सोडून तिने दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून तिला आडवं ढकललं. पत्रा लोखंडी मंचावर आपटला, आरसा फुटला, आणि नियंत्रकावरचा दिवा लागला. धडा मिळाला होता. तो खोटा नव्हता. इंजिन खरंच बंद पडलं होतं आणि गाडी खरंच पडली होती.

ती बाहेर आली तेव्हा सर फोनवर कुणाला तरी समूहशिक्षण तोडायला सांगत होते. तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. आधी एक इंजिन चढलं, मग शेजारचं, मग पूर्ण रांग. कामगार एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी वैतागून शिवी हासडली. सरांनी फोन खाली घेतला.

त्यांच्याकडे न पाहता शाल्मली जिना उतरली. गाड्यांच्या गोंगाटापासून लांब, भिंतीच्या आडोशाला तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, आपला कौस्तुभ हळूच चालवत होता. गाडी बंद पडली. मी स्वतः करून बघितलं. त्याची काही चूक नव्हती."

"पण तुझे सर तर घरी आले होते," वडील म्हणाले. "माझा हात हातात घेऊन बसले होते. त्यांना मी चहा करून दिला गं."