नापास बोल्ट

वाटूर फाट्यावर बंद पडलेल्या जीपमध्ये शेजारी बसलेला माणूस आपलाच कारखाना तपासायला निघालाय हे ठाऊक असतं, तर वैजयंतीनं त्याला आपली अर्धी भाकरी मुळीच दिली नसती!

त्या गोष्टीला आता तीन महिने झाले. गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा तो तपासनीस, संपत, दर महिन्याला जालन्याच्या एमआयडीसीतल्या तिच्या बोल्टांना मुलामा देणाऱ्या कारखान्यात यायचा आणि चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. आज मात्र तो तपासणीच्या काचेच्या नळीकडे बघत होता. बोल्ट बुडवलेलं पाणी जांभळं झालं होतं. म्हणजे मुलाम्यात विषारी क्रोम होतं. परदेशात त्याला बंदी, आणि ‘आम्ही ते वापरत नाही’ असं वैजयंतीनं सहीनिशी लिहून दिलेलं.

“तुमची नळीच घाण असंल!” ती कडाडली.

“तिसऱ्यांदा धुतली...” तो हळूच म्हणाला. “रागावलात की तुम्ही—”

“एक अक्षर बोलू नका!”

मुलाम्याच्या टाकीवर काम करणाऱ्या दुर्गाबाई चाचरत पुढे आल्या. “ताई, काल अण्णांनी जुन्या पिवळ्या पाण्याचा डबा वतला टाकीत. म्हणले, पांढरा बोल्ट कच्चा दिसून राह्यला.”

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांनी, तिच्या वडिलांनीच, तिला खोटं पाडलं होतं. दुर्गाबाईंच्या बोटांवरच्या, कधीच न भरणाऱ्या जखमांसाठी तर तिनं हट्टानं नवं, बिनक्रोमचं पाणी आणलं होतं!

संपतनं पेन काढलं. “मी... पास लिहितो. तुमचं काम बंद पडलेलं मला बघवणार न्हाई.”

क्षणभर ती विरघळली. त्याच्या मनातलं असं काही ऐकायला ती किती दिवस आसुसली होती... पण हे असं? तिचे डोळे भरून आले, आणि रागही दुप्पट झाला.

“माझ्यावर जीव म्हणून दुर्गामावशींचे हात जाळता? असला माणूस मला बिलकुल नको. लिहा नापास!”

“काम जाईल, वैजयंती.”

“जाऊ द्या! टाकी आजच बंद करते. अण्णांशी मीच भांडते. लिहा म्हणते ना!”

त्यानं मान खाली घालून लिहिलं. कागद सरकवताना बोटांना बोटं लागली. तिनं आपली मागे घेतली नाहीत.

“मंग आता... मी यायचं न्हाई?”

“तपासायला न्हाई,” ती अजून फणफणतच होती. “रविवारी घरी या. अण्णांजवळ मला मागणी घालायला. पण तिथं काही खोटं बोललात, तर तुम्हालाबी नापास करीन!”