शेवटच्या फोटोतलं अंतर

फोन आला तेव्हा निरीक्षकबाईंनी नुकताच चहाचा कप उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

"वाचला नाही," पलीकडून इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "आणि बाई, एक विचित्र गोष्ट आहे. त्याच्या पाठीवरचा सिलिंडर अर्धा भरलेला आहे, पण सिलिंडरची चावी घट्ट बंद आहे."

पाण्याखाली गेलेला माणूस स्वतःची हवा बंद करून घेत नाही. चावी दुसऱ्याच कुणीतरी फिरवली होती.

मेलेला माणूस दंतवैद्य होता. सुट्टी मिळाली की समुद्रात उतरायचं आणि फोटो काढायचे, हे त्याचं वेड. त्या दिवशी बुडालेल्या जहाजापाशी तिघंच उतरले होते. दंतवैद्य, त्याचा मेव्हणा आणि दोघांना घेऊन गेलेला डायव्हिंगचा शिक्षक. शिक्षकाला सगळा किनारा 'उस्ताद' म्हणायचा.

म्हणजे संशयित दोनच. बाईंना वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत उलगडा होईल. आठवडा संपत आला तरी गाडं अडलेलं ते अडलेलंच. मेव्हणा कोठडीत होता आणि त्याचा जबाब तसूभरही हलत नव्हता.

"पुन्हा सांग. तू कुठं होतास?"

"बोटीच्या दोराला धरून, बाई. मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. दिसत काहीच नव्हतं. पाणी इतकं गढूळ, की पुढं केलेला स्वतःचा हात दिसेना."

"आणि दंतवैद्य?"

"दाजी पुढं गेले. बुडालेल्या जहाजाच्या नांगराच्या दिशेनं."

"उस्ताद म्हणतो, ते तुझ्याशेजारीच होते."

"खोटं बोलतो तो!"

"आदल्या दिवशी बोटीवर तुमचं भांडण झालं. नावाड्यानं ऐकलंय."

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मी पाय मारून तळाचा गाळ उडवला म्हणून ते ओरडले. त्यांचा फोटो बिघडला. एवढ्यासाठी कुणी आपल्या बहिणीचं कुंकू पुसतं का?"

बाहेरच्या बाकावर ती बहीण रोज सकाळपासून बसून असायची. नवरा गेला होता आणि भाऊ गजाआड. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. नुसती बघत राहायची. ती नजर बाईंना साहेबांच्या फोनपेक्षा जड जायची.

साहेबांचा फोन मात्र दिवसातून दोनदा यायचा.

"अजून आरोपपत्र नाही? पाण्यात दोन माणसं. त्यातला एक फोटोत लांब उभा दिसतोय. मग राहिला कोण? पहिलीतलं पोर सांगेल!"

सगळं त्या फोटोवर येऊन अडत होतं.

दंतवैद्याचा कॅमेरा खिशात मावेल एवढा, पाणबंद पेटीत बसवलेला. त्यातला शेवटचा फोटो बाईंनी इतक्यांदा पाहिला होता, की डोळे मिटले तरी तोच दिसायचा. मधोमध जहाजाचा गंजका नांगर, त्याला टेकून उस्ताद. लहानसा, सहा-सात मीटर लांब असावा असा. पायात लालभडक फिन, पोहायचे रबरी पंख. चारही कोपरे काळवंडलेले, आणि वरच्या कडेला एक पांढरट, गोल डाग. त्याआधीच्या तीन फोटोंतही तो डाग अगदी त्याच जागी.

दंतवैद्याच्या मनगटावरच्या यंत्रात हवेची नोंद होती. फोटो निघाला आणि दोन-तीन श्वासांत हवा तुटली. तेवढ्यात सात मीटर पोहायचं, पाठीमागं जायचं आणि चावी फिरवायची, हे उस्तादाला काय, माशालाही जमलं नसतं.

बाईंनी उस्तादाला पुन्हा बोलावलं. तो ऐसपैस बसला.

"वर तुम्हीच आणलंत त्यांना?"

"मीच. फोटो काढून ते मेव्हण्याकडे वळले, आणि मला दिसेनासे झाले. पाणी फार गढूळ होतं, मॅडम. शोधायला वेळ लागला. दोरापाशी सापडले, पण तोवर सगळं संपलं होतं."

"बाकीचे फोटो सगळे निळे-करडे का आहेत?"

उस्ताद हसला. "खाली लाल रंग मरतो. पाणी गिळून टाकतं तो. म्हणून तर फ्लॅश लागतो. पण फ्लॅशचा उजेडही दोन मीटर गेला तर गेला."

"दंतवैद्य बाहेरून बसवायची रुंद लेन्स वापरायचे म्हणे. ती कुठाय?"

"ती त्या दिवशी आणलीच नव्हती त्यांनी."

तो गेला. बाईंनी फाइल टेबलावर आपटली. कुठंतरी काहीतरी खुपत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. आयुष्यात गुडघ्याच्या वर समुद्रात न गेलेल्या बाईच्या माथी हे पाण्यातलं प्रकरण का यावं, याचाही राग येत होता. त्या तणतणत बाहेर आल्या आणि बाकावरच्या बहिणीसमोर थांबल्या.

"ताई, ते लेन्स घरी विसरले असतील का?"

"हे? एक वेळ दात काढायला आलेला माणूस विसरतील, लेन्स नाही विसरणार. तिचा डबा घरी रिकामा आहे. जुनी तेवढी आहे, आणू?"

जुनी लेन्स आली. वाटीएवढी, जाडजूड काचेची. पेटीच्या तोंडावर ठेवून अर्धा आटा फिरवला की बसायची. नव्या लेन्ससारखी तीही पाण्याखाली लावता-काढता येत होती.

चौकीमागं पाण्याची मोठी उघडी टाकी होती. बाईंनी हवालदाराला तिच्यात उतरवलं.

"हा लाल मग छातीशी धरा. हलू नका."

"बाई, मला सर्दी आहे."

"फोटो होईपर्यंत खोकू नका."

टाकीवरून वाकून, हात खांद्यापर्यंत बुडवून, बाईंनी आधी नुसत्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पडदाभर नुसता लाल मग. नंतर लेन्स बसवली, कॅमेरा परत बुडवला आणि त्याच जागेवरून बटण दाबलं.

पडद्यावर बघितलं आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. बाही ओली, पदर ओला, कशाचंच भान नाही.

हवालदार शिंकले. "बाई, निघू का मी?"

"निघा. आणि उद्या पाणबुड्यांना बोलवा. नांगराच्या आसपासची सगळी वाळू चाळायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या खोलीत साहेब, उस्ताद, मेव्हणा आणि त्याची बहीण अशी सगळी जमली. बाईंनी टेबलावर टाकीतले दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवले.

"लाल मग एकच, हवालदार एकच, अंतरही एकच," त्या म्हणाल्या. "पहिल्यात मग नाकासमोर दिसतो. दुसऱ्यात टाकीच्या पार टोकाला गेल्यासारखा. रुंद लेन्स जास्त जागा पोटात घेते आणि जवळचं लांब ढकलते. आता कोपरे बघा, काळे. वरचा डाग बघा. लेन्स आणि पेटी यांच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा आहे तो. ताई, दंतवैद्य काय करायचे?"

"पाण्यात गेल्यावर लेन्स सैल करून बुडबुडा काढून टाकायचे. घाईत असले की राहायचा."

"त्या दिवशी राहिला. हाच डाग त्यांच्या शेवटच्या चारही फोटोंत आहे. म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर होती. आणि लेन्स होती, तर उस्ताद सात मीटरवर नव्हताच. जेमतेम दोन मीटरवर होता."

उस्ताद उसळून म्हणाला, "बुडबुड्यावरून माणसाला फाशी देणार?"

"नाही. तुमच्या बोलण्यावरून. पाणी इतकं गढूळ, की माणूस दिसेनासा होतो, असं तुम्हीच म्हणालात. मग सात मीटरवरचे तुम्ही इतके स्पष्ट कसे? खाली लाल रंग मरतो, फ्लॅश दोन मीटरच जातो, हेही तुमचंच. मग तुमचे फिन लालभडक कसे?"

उस्तादानं ओठांवरून जीभ फिरवली.

"फ्लॅश चमकला. दोन ढांगांत तुम्ही त्यांच्या पाठीशी गेलात आणि चावी फिरवलीत. मग कॅमेऱ्याचा पडदा बघितलात, तर तुम्ही इवलेसे, लांब. फोटो पुसला असता तर संशय आला असता. ठेवला, तर तोच तुमच्या बाजूनं साक्ष देणार. फक्त लेन्स नाहीशी व्हायला हवी होती."

बाईंनी खणातून वाळूचे कण चिकटलेली एक लेन्स काढून टेबलावर ठेवली. बहिणीच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. तिनं ती ओळखली होती.

"जड काच, सरळ खाली गेली. दोरापाशी नाही, नांगरापासून दोन मीटरवर सापडली. दंतवैद्य मेव्हण्याशेजारी नव्हतेच. ते तुमच्यासमोर होते."

"पण का?" साहेबांनी विचारलं.

उत्तर बहिणीनं दिलं. "मागल्या वर्षी यांनी तिथल्या प्रवाळाचे फोटो काढले होते. यंदा तीच जागा बोडकी दिसली. कुणीतरी तोडून शोभेच्या टाक्यांसाठी विकतंय, तक्रार करणार, असं म्हणत होते. या उस्तादांना सांगितलं होतं, विश्वासानं." तिचं बोट उस्तादाकडे होतं.

उस्ताद लेन्सकडे बघत म्हणाला, "मी हात जोडले होते त्यांना, बोटीवर. ऐकलं नाही."

हवालदारांनी त्याला उठवलं. साहेब खाकरले, "चांगलं काम झालं," असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. मेव्हणा भिंतीशी उभा होता. बहीण उठली, त्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर तिनं सरळ केली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदा रडली.

बाई खिडकीकडे वळल्या. त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. बुडबुडा पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होता आणि तोवर हा पोरगा गजाआड कुढत बसला.

"बाई," मागून बहिणीनं विचारलं, "यांना कळलं असेल का, कुणी केलं ते?"

खोटं सांगायची गरज नव्हती. बाई म्हणाल्या, "नाही, ताई. फोटोत उस्ताद नांगराला टेकून ऐटीत उभा आहे. तुमचे यजमान ओळखीच्या माणसाचा फोटो काढत होते."