दोन्ही नावांची व्यक्ती एकच

एवढी शिकलेली बाई आणि असलं काही सांगते, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. म्हणून जे झालं ते क्रमाने सांगते. क्रम चुकला तर मलाच थांबवा, कारण हल्ली माझा स्वतःवर फारसा भरवसा राहिलेला नाही.

त्या दुपारी आम्ही कागदपत्रांच्या पडताळणीला निघालो होतो. कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेत प्रतीक्षा यादीवर माझं नाव पहिलं होतं. म्हणजे दारापर्यंत पोहोचलेली, पण आत या असं कोणी न म्हटलेली. पुढच्या महिन्यात माझी वयोमर्यादा संपत होती. नवऱ्याचं काम कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. तेव्हा ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर मी 'थोडक्यात हुकलं हो' असं सांगत फिरणार, हे मला दिसत होतं.

लेक सात महिन्यांची. आम्ही तिला ढब्बू म्हणतो. अंगावर पिणारी, म्हणून तिलाही बरोबर घेतली होती. नवरा एका हातात ढब्बू आणि दुसऱ्या हातात माझी फाइल घेऊन चालत होता.

"यातलं कुठलं जास्त महत्त्वाचं आहे ते सांगून ठेव," तो म्हणाला. "एखादं पडलंच तर."

मी हसले नाही. मला एका चुकीची धास्ती होती. मी अर्ज दोन केले होते. पहिला माहेरच्या नावाने, कारण सगळ्या गुणपत्रिका त्याच नावाच्या. शेवटचं पान भरलं, बटण दाबलं आणि संगणकाचा पडदा पांढरा पडला तो पडलाच. अर्ज गेलाच नाही असं धरून मी दुसऱ्या दिवशी सासरच्या नावाने नवा भरला. पुढे प्रवेशपत्रं मात्र दोन आली, लागोपाठच्या क्रमांकांची. मी सासरच्या नावाचं घेऊन परीक्षेला बसले. दुसरं फाडून टाकलं. दोन बाकांवर एकदम बसण्याइतकी हुशार मी कधीच नव्हते.

कार्यालयाचा तिसरा मजला. लांब बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत फायलींचे गठ्ठे. भर दुपारीही तिथे दिवे लावलेले होते आणि तरी उजेड पुरत नव्हता. खळ आणि ओल्या कागदाचा वास. नवरा ढब्बूला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. मी आत गेले.

पडताळणीचे लिपिक वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझी फाइल चाळली, मग शेजारची एक फाइल ओढली, आणि दोन्ही उघडून माझ्यासमोर ठेवल्या.

"ताई, तुमच्या वर यादीत ज्या आहेत, निवड झालेल्या... त्या तुमच्या कोण?"

दोन्हीकडे माझाच फोटो होता. जन्मतारीख एक, आईचं नाव एक.

"मीच आहे, साहेब. माहेरचं नाव. पण तो अर्ज गेलाच नाही असं मी धरलं होतं. त्या नावाने मी परीक्षाही दिलेली नाही."

"मग ही सही कोणाची?"

त्यांनी हजेरीपट पुढे केला. एकाच खोलीतले, एकाखाली एक क्रमांक. खाली माझी सही. वरच्या ओळीतही माझीच, पण लग्नाआधीची, शेवटच्या अक्षराला उगाच गिरकी देऊन केलेली. ती गिरकी मी कधीच सोडून दिली होती.

तेव्हा मला परीक्षेची खोली आठवली. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी होती. मला छातीत दूध दाटून आलं होतं, लक्ष सगळं बाहेर रडणाऱ्या ढब्बूकडे, आणि ती मात्र एकदाही मान वर न करता भराभर लिहीत होती. दोन तास मी तिची वेणी आणि मान पाहत होते. हेवा वाटला होता. पण ओळखीची वाटली नाही. आपली मान आपण कधी पाहिलेली असते?

"साहेब, ती... तुम्ही पाहिलंत का तिला?"

"आम्ही कागद पाहतो, ताई," ते म्हणाले. "नियम सांगतो, लक्ष द्या. एका व्यक्तीचा एकच अर्ज. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं, आणि एक अर्ज उमेदवाराने स्वतःच्या हाताने रद्द करायचा. कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवा. हा माहेरच्या नावाचा ठेवलात तर निवड पक्की. तो ठेवलात तर प्रतीक्षा, आणि यादीची मुदत पंधरा दिवसांची."

मी दोन्ही अर्ज पाहिले. माहेरच्या नावापुढे लिहिलं होतं, वैवाहिक स्थिती: अविवाहित. अपत्ये: शून्य. घाईत मी भरलंच असेल तसं. भरलं असेल ना?

"हे चुकीचं आहे, साहेब. मला मुलगी आहे. ती बाहेर रडतेय ती माझीच."

"ते रुजू झाल्यावर दुरुस्त होतं. अर्ज द्यायचा, होतं सगळं. आधी रेघ मारा."

नुसता कागदच तर होता. त्यांनी लाल पेन दिलं. सासरच्या नावाच्या अर्जावर मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली सही केली. रेघ पूर्ण झाली आणि बाहेर ढब्बूचं रडणं थांबलं. मुलं हळूहळू शांत होतात तसं नाही. मध्येच.

मी धावत बाहेर आले. ती नवऱ्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"झालं का काम?" तो म्हणाला.

"झालं," मी म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल.

त्या संध्याकाळपासून मला दूध येईना. सासूबाई म्हणाल्या, "ताण घेतलास, येईल परत, काळजी नको करू." पण नवलाची गोष्ट ती नव्हती. नवल हे की ढब्बूला भूक लागेना. डब्याचं दूध तिने तोंडात धरलं नाही आणि तरी रडली नाही. पाळण्यात हसायची. उचलून खांद्यावर घेतली की भरल्या पोटाची ढेकर द्यायची. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब.

"आई, तुम्ही पाजलंत का काही तिला?"

"मी कशाला? आत्ता तूच घेऊन बसली होतीस की खोलीत," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "दार लोटलेलं होतं, म्हणून मी आले नाही."

मी त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. म्हणजे, बादली रिकामी होती आणि दोरीवर कपडे होते. त्यावरून म्हणतेय.

नवऱ्याला सांगितलं. "झोप पुरत नाहीये तुझी," तो म्हणाला. नंतर हळूच, "पण खरं सांगू? हे आठ-दहा दिवस तू तिच्याशी फार छान असतेस. आधी किती घाबरायचीस."

नेमणुकीआधी वैद्यकीय तपासणी असते. निदान तिथली नोंद तरी खरी होईल, असं मला वाटलं होतं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि फॉर्मवर खुणा करत होत्या.

"आधी काही शस्त्रक्रिया?"

"सीझर. सात महिने झाले."

त्यांनी पोट पाहिलं. दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं. "कुठे?"

मी हात नेला. रोज अंघोळीला बोटांना लागणारा तो व्रण, वीतभर लांबीचा, पाऊस-थंडीत ठणकणारा... बोटं इकडून तिकडे गेली. कातडी गुळगुळीत होती. जशी लग्नाआधी होती.

"बाई, असं खोटं कशाला सांगायचं?" त्या जरा नरमाईने म्हणाल्या. "नसलेलं दुखणं कोणी सांगत नाही नोकरीला लागताना." आणि रकान्यात लिहिलं, 'नाही'.

तिथून मी घरी गेले नाही. सरळ तिसऱ्या मजल्यावर गेले. चष्मेवाल्या लिपिकांपुढे मी अक्षरशः हात जोडले.

"साहेब, तो रद्द केलेला अर्ज परत घेता येईल? मला ही नोकरी नको. प्रतीक्षा यादीच द्या मला. मुदतीचे तीन दिवस आहेत अजून."

"ताई, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?" त्यांनी फाइल काढली. "उद्या सकाळी रुजू व्हायचंय तुम्हाला. शिवाय रद्द अर्ज ज्यांचा, त्यांनी परवाच येऊन लिहून दिलंय."

"ज्यांचा म्हणजे... माझाच ना तो?"

"दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे तुमचं प्रतिज्ञापत्र. त्यांचं म्हणणं वेगळं आहे."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. माझं अक्षर. आताचं, घाईतलं, सात महिन्यांच्या अपुऱ्या झोपेतलं.

'माझा अर्ज रद्द झाला याबद्दल माझी काही हरकत नाही. ज्यांना नोकरी हवी होती त्यांना ती मिळाली. मला माझ्या मुलीला वेळ देता येईल. पुन्हा अर्ज करण्याचा माझा विचार नाही.'

खाली सही, सासरच्या नावाची. गिरकी नसलेली.

"बाई चांगल्या होत्या," लिपिक फाइलची दोरी बांधत म्हणाले. "मूल कडेवर. अगदी शांत मूल, हो. तुमची चौकशी करत होत्या. ड्यूटी किती ते किती, घरी पोहोचायला किती वाजतील..."

त्यांच्या हातातली फाइल मी धरून ठेवली.

"रजा कधी मिळते, तेही विचारलं," ते म्हणाले. "मी सांगितलं, पहिलं वर्षभर एकही नाही."