साडेएकतीस मिलिमीटरची बाई

नेपथ्याचं चित्र काढताना त्यात एक माणूस काढायची पद्धत आहे. दार किती उंच, पायऱ्या किती रुंद, हे त्या माणसावरून कळतं. स्वरूपा तिथे स्वतःलाच काढायची, पाठमोरी. ती पाच फूट दोन इंच. पन्नासास एक या मापाने कागदावर साडेएकतीस मिलिमीटर.

डिसेंबरात तिच्यावर लेख लिहायला मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात, तिच्या आणि नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलो. नऊ वर्षं दुसऱ्यांचे पडदे रंगवल्यावर पहिल्यांदाच एका बॅलेचं नेपथ्य तिच्या नावावर होतं. गोष्ट परीकथेतली. जंगलातला राजवाडा, आत गेलेलं माणूस परत न देणारं दार, आणि शेवटी त्याला बाहेरून कडी घालणारी धाकटी राजकन्या. शेवटच्या प्रवेशाचं चित्र जेवणाच्या टेबलावर होतं. मी मोबाइलवर फोटो काढला.

"दिनकर, उद्या परत येऊन काढ," ती म्हणाली. "मग सांग, मला वेड लागलंय का."

तो सोमवार होता. मंगळवारी चित्रातली ती पाठमोरी बाई दाराच्या आठ मिलिमीटर जवळ सरकली होती. मंचावर ते चाळीस सेंटिमीटर होतात. एक पाऊल. बुधवारी आणखी आठ. मी पट्टीने मोजलं, कागद उजेडात धरला. खोडल्याची खूण नव्हती. सोमवारच्या फोटोत ती जुन्याच जागी होती. स्वरूपाचा नवरा चैतन्य चहा ठेवून गेला. चित्राकडे बघायचं तो टाळत होता.

गुरुवारी दिग्दर्शक विक्रांत आला. चित्र पाहून खुर्चीवर टेकलाच नाही.

"दार काढून टाक. बिल्कुल सपाट भिंत कर. नाहीतर मी दुसरा पडदा भाड्याने आणतो."

"मग नावही भाड्याने आण."

"यार, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून माझं दार तिला देऊन टाकू?"

त्याच्यासमोरच तिने शाईने कडी जाड केली.

शुक्रवारी बाईचा हात कडीवर होता.

"उघडायला बघू दे," स्वरूपा म्हणाली. "मी धरून ठेवीन."

रविवारी सकाळी अकराचा खेळ होता, कोपर्निकस मार्गाजवळच्या एका सभागृहात. दार कापडावर रंगवलेलं होतं, कडीसुद्धा. खेळाआधी मी हात लावून पाहिला होता. शेवटी स्वरूपाला मंचावर बोलावलं. ती दारासमोर आमच्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत हलली नाही. मी दहा फोटो काढले.

दुपारी ऑफिसात आमच्या फोटो डेस्कवरच्या मृणालने विचारलं, "बाईंचा समोरून एकही नाही का?"

"समोरच उभी होती ती."

"अच्छा? मग हे बघ."

दहाही पाठमोरे. प्रत्येकात एक पाऊल दाराकडे.

नवव्यात हात कडीवर.

दहाव्यात मंच रिकामा. कडी निघालेली.

मी स्वरूपाला फोन लावला. चैतन्यने उचलला.

"ती कुठेय?"

"बेडरूमच्या दाराशी. घरी आल्यापासून बाहेरची कडी धरून उभी आहे. हाक मारली तरी वळत नाही."

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. पण दार हलतंय, यार. आतून ढकलल्यासारखं. आवाज काहीच नाही."

मला मात्र आवाज येत होता. लाकडावर तळहात आपटल्याचा. मग लाकडापलीकडून, दबका पण ठाम, स्वरूपाचा.

"दिनकर, बातमीत माझं नाव नीट लिही. आणि चैतन्यला सांग, तिला दारापासून बाजूला कर."

"हॅलो?" चैतन्य म्हणाला. "दिनकर, तू गप्प का?"