सुभेदारचा मालक

घडलं ते जसं घडलं तसंच लिहितो आहे. पदरचं काहीही घातलेलं नाही.

माझी सगळी नोकरी कारखान्यात बॉयलर आणि कॉम्प्रेसर सांभाळण्यात गेली. तंत्रनिकेतनात शिकत असताना जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. आवाज आला की आधी त्याचं कारण शोधायचं. घाबरायचं की नाही, ते नंतर ठरवायचं.

त्या दिवशी जे जे घडलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण मला पुढे मिळालं.

एका गोष्टीचं मिळालं नाही.

आणि ती रात्र नव्हती. भर दुपार होती. २०१४ सालचा पितृपक्ष, कोथरूडमधली आमची सोसायटी, तिसरा मजला.

त्या दिवशी यज्ञेश्वरदादांचं श्राद्ध होतं. दादा म्हणजे माझी पत्नी पद्मजा हिचे थोरले बंधू. लग्न केलं नाही. शेजारच्याच इमारतीत एकटे राहायचे. एकटे म्हणजे सुभेदारबरोबर. सुभेदार हा त्यांचा अल्सेशियन कुत्रा. दादा गेले आणि सुभेदार आमच्याकडे आला. त्याच्याबरोबर दादांची वेताची खुर्चीही आली, कारण तिच्याजवळ बसल्याशिवाय तो जेवेना.

मी त्याला फिरवायचो, आंघोळ घालायचो. पण कोणी विचारलं की मी सांगायचो, "दादांचा कुत्रा."

दादांना दुसरं कोणी नव्हतं, म्हणून श्राद्ध मीच केलं. पितरांचं पान ठेवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, हा पद्मजाच्या माहेरचा नियम. तो तिने सुभेदारलाही लावला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. स्वयंपाकघरात खीर, वडे, अळूची भाजी यांचा वास सुटलेला, आणि तो दारात बसून नुसता लाळ गाळत होता.

मी पान गच्चीवर ठेवलं. काव काव म्हणून हाका मारल्या.

एकही कावळा आला नाही.

आम्ही वाट पाहिली. आभाळ रिकामं होतं. पाण्याच्या टाक्यांवर कबुतरंसुद्धा नव्हती.

पद्मजाचा चेहरा उतरला. "दादांची काही इच्छा राहिली असेल का हो?"

"कोथरूडमध्ये झाडं राहिली नाहीत. कावळे कुठून येणार?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "त्यांचा जीव सुभेदारमध्येच होता. पान त्यालाच घालू या."

आम्ही घातलं. सगळं पान. वर पद्मजाने प्रेमाने आणखी वडे वाढले, खिरीचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. उपाशी जनावर. त्याने न चावता सगळं गिळलं आणि भांडंभर पाणी प्यायला.

आमची जेवणं झाली. सोसायटी झोपली. ज्यांनी पुण्यातली दुपार अनुभवली आहे त्यांना ती शांतता सांगायला नको. दुकानं बंद, दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी आडवा झालो होतो.

टक… टक… टक…

सुभेदारची नखं फरशीवर वाजत होती. बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत. दारापासून खुर्चीपर्यंत. पुन्हा दारापर्यंत.

तो दुपारी कधीच फिरत नसे.

मी उठून पाहिलं. तो बसायचा. लगेच उठायचा. जणू कोणी पट्ट्याला धरून उठवत होतं. मग मान वळवून स्वतःच्या मागे, कुशीकडे बघायचा. तिथे काही नव्हतं.

"सुभेदार," मी हाक मारली.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तो खुर्चीपाशी गेला. तिच्या वर, भिंतीवर दादांचा फोटो होता. सकाळचा हार तसाच होता. आणि तिथे…

तिथे त्याने पुढचे पाय जमिनीवर पसरले, छाती फरशीला टेकवली, आणि मागचं अंग वर ठेवून तो तसाच राहिला.

फोटोसमोर. वाकून.

माझ्या मागे पद्मजा येऊन उभी होती. तिने तोंडावर हात धरला.

"नमस्कार करतोय," ती कुजबुजली. "अहो, दादा आलेत. त्याला दिसताहेत."



तेवढ्यात वेताची खुर्ची कुरकुरली…

माणूस बसल्यावर ती जशी कुरकुरायची, अगदी तशी.

सुभेदारचं अंग तिला घासलं असेल. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं. पण खरं सांगतो, माझे पाय जागचे हलले नाहीत. पद्मजाने देवापुढचं निरांजन आणून खुर्चीसमोर लावलं. आम्ही दोघं दिवाणावर बसलो आणि बघत राहिलो. तो उठायचा, फिरायचा, वाकायचा. तोंडाला फेसाळ लाळ येत होती. ती पद्मजा पदराने पुसत होती.

बराच वेळ आम्ही असेच बसलो. बसायला नको होतं.

मग तो ओकू लागला.

सगळं अंग आक्रसायचं, मान लांब व्हायची, घशातून खोल आवाज यायचा. आणि बाहेर काहीच पडायचं नाही. पुन्हा तेच. पुन्हा काहीच नाही.

एवढं पानभर जेवलेलं जनावर ओकतंय, आणि थेंबसुद्धा पडत नाही?

मी उठलो. त्याला धीर द्यावा म्हणून पोटावर हात ठेवला. पोट बरगड्यांच्या बाहेर आलं होतं. मी बोटांनी ठोकून पाहिलं. तो आवाज मी हजारदा ऐकलेला होता. हवा कोंडलेल्या टाकीचा आवाज.

आत दाब वाढत होता, आणि वाट दोन्हीकडून बंद होती.

सुभेदारच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असतो. मी त्यांच्या मोबाईलवर फोन केला. ते झोपेतून उठून बोलले.

"ओकतोय, पण काही पडत नाही?"

"नाही."

"ओठ वर करा. हिरड्या बघा."

बघितल्या. नेहमी गुलाबी असायच्या. आता जुन्या कागदासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या.

त्यांची झोप उडाल्याचं मला फोनवरसुद्धा कळलं. "पोटाला पीळ पडलाय बहुतेक. एक मिनिटसुद्धा घरात थांबू नका. पाणी नको, ओवा नको, तेल नको, पोट चोळू नका. माझ्याकडे ऑपरेशनची सोय नाही. स्वारगेटच्या पुढे जनावरांचं इस्पितळ आहे, तिथे सरळ न्या. मी त्यांना फोन करून ठेवतो."

"अहो, पण दादा…" पद्मजा निरांजनाकडे बघत म्हणाली.

"दादा असले तर त्यांनी दार उघडावं," मी म्हणालो. "चादर काढ."

हे मी रागाने बोललो होतो. आता ते वाक्य आठवलं की बरं वाटत नाही.

एवढा कुत्रा मला एकट्याला उचलणं शक्य नव्हतं. मी समोरच्या श्यामरावांची बेल वाजवली. ते बनियनवर बाहेर आले.

"दुपारी तीनला बेल वाजवलीत, म्हणजे कोणीतरी गेलंय, नाहीतर जाणार तरी आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर आमच्या दारातून आत गेली. सरळ आत येऊन त्यांनी चादरीची दोन टोकं धरली.

गाडीत पद्मजा मागे बसली. मी आरशातून पाहत होतो. सुभेदार सीटवर पडलेला होता, पण त्याचं डोकं सीटला टेकलेलं नव्हतं. मान उंच, लांब. जणू कोणाच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं…

पद्मजा दुसऱ्या टोकाला होती.

"त्याचं डोकं धर," मी म्हणालो.

"मी धरलेलं नाही," ती म्हणाली. "तरी ते वरच आहे."

मी आरशावरून नजर काढली, ती स्वारगेटपर्यंत पुन्हा तिकडे नेली नाही.

इस्पितळात डॉक्टर सुनीती म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी वाट बघितली नाही. एकीकडे सलाईन, दुसरीकडे एक्स-रे. पोटात सुई घालून थोडी हवा काढली. तिचा फुस्स आवाज मला बाहेर ऐकू आला. त्यांच्या प्रश्नांना मी उत्तरं देत होतो, श्राद्धाचं जेवण सांगितलं, आणि मधेच तो गेलेल्या दादांच्या फोटोसमोर नमस्कार केल्यासारखा वाकल्याचं बोलून गेलो.

"काका, नमस्कार नव्हता तो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पोटात असह्य दुखलं की कुत्री तशी वाकतात. कुशीकडे बघतात, सारखी उठतात. श्वास घेता यावा म्हणून मान उंच धरतात. भूत दिसत असतं तर एवढी लाळ गळली नसती."

पद्मजा ऐकत होती. तिला ते सहन झालं नसावं. ती उठून बाहेर गाडीत जाऊन बसली.

मला मात्र हायसं वाटलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं.

थोड्या वेळाने डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात आल्या. मी समोर उभा होतो. आत टेबलावर सुभेदार आडवा होता.

"पीळ पडलाय," त्या म्हणाल्या. "उघडून सरळ करावं लागेल. वय झालंय, उशीरही झालाय. टेबलावरून परत येईलच असं सांगत नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्याला आत्ताच शांतपणे झोपवायचं. त्यात त्रास नाही. निर्णय लगेच हवा. मालक कोण?"

इतके दिवस मी सांगत आलो होतो, दादांचा कुत्रा.

डॉक्टरांची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मग परत माझ्याकडे आली.

आणि मी म्हणालो, "मी. करा ऑपरेशन."

त्या लगेच आत वळल्या नाहीत. पुन्हा माझ्या मागे पाहिलं. जणू कोणाचं बोलणं ऐकून घेत होत्या.

टेबलावर सुभेदारने डोकं उचललं. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती, तरी उचललं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत…

त्याची शेपटी हलली.

मी वळून पाहिलं. रिकामा पॅसेज. टोकाचं दार सावकाश मिटत होतं.

वारा असेल, असं मी म्हटलं. पण त्या दिवशी वारा नव्हता.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. सुभेदार वाचला. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. पोट सरळ करून आतून बरगडीच्या बाजूला शिवून टाकलंय, म्हणाल्या. पुन्हा पीळ पडायचा नाही. एवढं जेवण एका वेळी पुन्हा घालू नका, पितर कितीही जेवायचे असोत.

पद्मजा रडत होती. मी हात जोडले.

"ते काका गेले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण काका?"

"तुमच्या मागे उभे होते ते. मला वाटलं तुमच्याबरोबरच आलेत. मी मालक कोण विचारलं तर आधी तेच म्हणाले, मी. मग तुम्ही म्हणालात, मी. माझा गोंधळ झाला. तुम्ही म्हणालात करा. ते म्हणाले, नको, त्याला चिरू नका, मी घेऊन जातो." त्या थोड्या अवघडल्या. "मी तुमचं ऐकलं, कारण कुत्रा तुम्ही घेऊन आला होतात. फार चिडले का हो ते? निघताना एकदाही मागे बघितलं नाही."

मी काहीच ऐकलं नव्हतं. डॉक्टरांच्या आणि माझ्यामध्ये तेव्हा जेमतेम हातभर अंतर होतं.

पद्मजाने विचारलं, "दिसायला कसे होते?"

"उंच. साधे. चष्म्याला एका बाजूला दांडीच नव्हती, दोरा बांधून कानाला अडकवलेला होता."

पद्मजाने माझा दंड धरला.

दादांनी शेवटची वर्षं त्या चष्म्यावरच काढली. नवा करून देतो म्हटलं की म्हणायचे, "दिसतंय ना मला? मग कानाला काय करायचंय?"

डॉक्टरांनी दादांना कधी पाहिलेलं नव्हतं. इस्पितळात आमच्याजवळ त्यांचा फोटो नव्हता. घरातल्या फोटोत ते तरुण आहेत, चष्म्याशिवाय. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. अजून करतो. कारण सापडत नाही.

त्यावर आम्हा दोघांचं एकमत कधी झालं नाही. पद्मजा म्हणते, दादांना त्याचे हाल बघवत नव्हते, म्हणून ते न्यायला आले. तुम्ही त्यांचं ऐकायला हवं होतं, असं ती म्हणत नाही. पण ते वाक्य तिच्या पुढच्या गप्प बसण्यात मला ऐकू येतं.

मी म्हणतो, तो जगला. त्याची पुढची वर्षं चांगली गेली. कोणी विचारलं तर आता मी सांगतो, माझा कुत्रा.

हे लिहितो आहे तेव्हा तो माझ्या पायाशी पडला आहे. आता फार म्हातारा झाला आहे. मागचे पाय उचलत नाहीत. दादांच्या खुर्चीजवळ तो त्या दिवसापासून एकदाही बसलेला नाही. तिला वळसा घालून जातो.

पण गेल्या काही दिवसांपासून दुपारी, सोसायटी झोपली की, तो मान उचलून दाराकडे बघतो. पोट मऊ असतं. हिरड्या गुलाबी असतात. मी रोज तपासतो. दुखत काहीच नसतं.

तरी तो बघत राहतो…

आणि शेपटी हलते.

मग मी उठतो आणि दाराची कडी लावतो. कडीने तिथे काही अडणार नाही, हे मला कळतं. तरी लावतो. आणि परत येऊन त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवून बसतो, चार वाजेपर्यंत.