थांब म्हटलं की थांबायचं

"पाय धरा हो त्याचे!" पोराच्या बापाने गिऱ्हाइकाला सांगितलं, आपल्याच चार वर्षांच्या लेकाची मान काखेत दाबली आणि केस कापायचं मशीन चालू केलं… तशी पोराची आई साबणाच्या हातांनीच मागच्या खोलीतून सलूनमध्ये धावली!

पोर किंचाळत होतं. कसलं ते किंचाळणं, काळीज फाटावं असं! कानामागे रक्ताचा थेंब आला होता, आणि बाकावरचे दोघं चक्क हसत होते.

"वाजला, भोंगा वाजला!"

भोंगा! गल्लीने ठेवलेलं नाव, आणि बापाने ते चालवून घेतलेलं!

तिने भिंतीतून वायरच उपटली. "अहो, पोर आहे का मेंढरू?"

"जगाच्या पोरांचे केस मी हसतखेळत कापतो," नवरा लालबुंद झाला, "आणि माझंच पोर झिपऱ्या वाढवून फिरतं! तू लाडावून ठेवलंस त्याला!"

"बालवाडीच्या बाई म्हणाल्या, लहान आहे तोवरच दाखवा. लहान मुलांच्या मनाच्या एक डॉक्टरबाई आहेत…"

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? माझं पोर? काही नको, मोठा झाला की सुटेल!"

आतून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा."

धपाटे काय कमी दिले होते सगळ्यांनी? सुटलं का काही? पोर भिंतीवर डोकं आपटायला शिकलं, एवढंच!

ती एकटीच त्याला घेऊन गेली. डॉक्टरबाई सरळ फरशीवर बसल्या. पोर लाकडी ठोकळे फेकत होतं आणि त्या एकेक उचलून गुपचूप त्याच्याजवळ ठेवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हट्ट नाही हा. मशीनचा आवाज त्याच्या डोक्यात शिरतो. सांगता येत नाही, म्हणून ओरडतो. आत्ताच आलात, फार बरं केलंत. त्याला एवढं कळू दे, की तो थांब म्हणाला की समोरचा थांबतो. घरातला प्रत्येक जण. वडीलसुद्धा."

वडील! ते तर डॉक्टरांच्या दारापर्यंत यायला तयार नव्हते…

मग दुपारी दुकान मिटलं, नवरा जेवून आडवा झाला, की ती त्या उंच खुर्चीत बसायची. पोर स्टुलावर उभं राहून तिच्या डोक्यावर बंद मशीन फिरवायचं. ती "थांब" म्हणायची, तो थांबायचा. मग ती त्याच्या केसांत कंगवा घालायची आणि वाट बघायची… पोर नुसतं अंग चोरायचं. शब्द काही फुटायचा नाही.

एका दुपारी त्याने कात्री उचलली, हवेतच दोनदा चालवून पाहिली आणि तिची वेणी मुठीत धरली. कमरेखाली जाणारी वेणी! याच केसांवर भाळून नवऱ्याने लग्नाला होकार दिला होता, त्यांची टोकं तो दुसऱ्या कुणाला कापू द्यायचा नाही. "थांब" तिच्या जिभेवर आलं होतं… पण पोराचे हात थरथरत नव्हते हो! पहिल्यांदाच कात्रीच्या कचकच आवाजाला ते घाबरलं नव्हतं! तिने शब्द गिळला. डोळे मिटले. वेणी फरशीवर पडली.

आणि दारात नवरा!

"काय केलंस हे, कार्ट्या!" त्याने हात उगारला. पोर आरशाला चिकटलं, तोंड उघडलं. आता सगळी गल्ली गोळा होणार…

"थांब!"

एवढासा आवाज. बापाचा हात वरच राहिला. पोर त्या हाताकडे बघतच बसलं. मग हळूच म्हणालं, "आई… बाबा थांबला!"

तिचा बांध फुटला. "चार वर्षं हेच सांगतोय तो! ओरडून सांगितलं, डोकं आपटून सांगितलं, आणि तुम्ही परक्या माणसांना त्याचे पाय धरायला लावलेत!"

तो मटकन बाकावर बसला. वेणी उचलून मांडीवर घेतली आणि हमसून हमसून रडायला लागला. "तुझे केस गं…"

"केस येतील परत. त्याचं हे वय येणार आहे का? रडू नका, उद्या सकाळी डॉक्टरबाईंकडे तिघांनी निघायचंय. दुकान बंद!"

त्याने डोळे पुसले. मग उठला, गिऱ्हाइकाचं कापड स्वतःच्याच गळ्याभोवती बांधलं आणि खुर्चीत बसला. "घे रे कात्री. मिशी तेवढी सोड, राजा."

सकाळी तो कुलूप लावत होता, तेव्हा त्या दिवशी बाकावर बसून हसणारं गिऱ्हाईक आलं आणि खो खो हसत सुटलं. "अरे, डोकं उंदराने कुरतडलं का काय? आणि आपला भोंगा कुठं…"

"थांबा!" बाप गरजला.

पोराने आईचं बोट घट्ट धरलं आणि मान वर करून पाहिलं. माणूस खरंच थांबला होता.